जखमेवरचा आधार

परळच्या बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालयात 1980च्या दशकाच्या पूर्वार्धात बटाट्याच्या साली फेकून देणं बंद झालं. तिथे भाजलेल्या मुलांवर उपचार करणारे प्लास्टिक सर्जन डॉ. मनोहर केसवानी आणि त्यांचे सहकारी या साली उकडून घेत, गॉझच्या लांब पट्टीवर एकीला एक लागून चिकटवत, पट्टीची गुंडाळी करून ती ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करत आणि मग मुलाच्या उघड्या जखमेवर बांधत. 1985मध्ये ‘बर्न्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात त्यांनी या सालपट्टीचा पहिला अहवाल प्रसिद्ध केला. भाजलेल्या जखमेवर काय ठेवायचं, या प्रश्नाला मुंबईतून गेलेलं ते पहिलं ठळक उत्तर होतं, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या गावांतले डॉक्टर याच प्रश्नाशी झुंजत राहिले.

जळिताच्या वॉर्डात ड्रेसिंगची वेळ जवळ आली की मुलं आधीपासून रडायला लागतात. त्याला कारण आहे. कोरडा गॉझ जखमेतून झरणाऱ्या लशीत भिजतो, सुकतो आणि जखमेला घट्ट धरून बसतो. दुसऱ्या दिवशी तो ओढून काढताना आदल्या दिवशी कडेकडेने सरकत आलेली नवी, पापुद्र्यासारखी कातडी त्याच्याबरोबर उचकटून येते. मूल ओरडतं, रक्त येतं, आणि भरू लागलेली जखम पुन्हा मागे जाते. बटाट्याची साल चिकटत नव्हती आणि खालचा ओलावा उडू देत नव्हती. जंतू मारण्याची ताकद तिच्यात नव्हती. पण तिच्याखाली जखमेला तिच्या गतीने भरायला निवांतपणा मिळत होता. विलायती कृत्रिम पडद्यांची किंमत ज्या आईबापांनी ऐकूनही सोडून दिली असती, त्यांच्या मुलांसाठी ही साल होती.

असे आईबाप ठाणे जिल्ह्यात शहापूर-मुरबाडकडे मोठ्या संख्येने आहेत. भाताची रोपं करायची तर त्याआधी राब भाजावा लागतो. पालापाचोळा, शेण, गवत, झाडांच्या फांद्या वाफ्यावर पसरून उन्हाळ्याच्या शेवटी पेटवायच्या, आणि त्या दिवसांत वारा कधी फिरेल याचा नेम नसतो. पावसाळा सरला की कातकरी कुटुंबं मुलाबाळांसह वीटभट्टीवर जातात आणि भट्टीच्या शेजारीच खोपटं बांधून राहतात. थंडीत शेकोट्या, बारा महिने तीन दगडांची चूल, वीज पोचली नव्हती तिथे रॉकेलची चिमणी, अंगणात उकळत ठेवलेलं अंघोळीचं पाणी. भाजणाऱ्यांत बाया आणि पोरं जास्त असतात, आणि बायांच्या बाबतीत दर वेळी अपघातच असतो असं म्हणायला मन धजावत नाही.

कातडी जाण्याची इतर कारणंही इथे आहेत. फुरसं किंवा घोणस चावली आणि जीव वाचला, तरी विषाने दंशाभोवतालचं मांस सडतं आणि पायावर वीतभर उघडी जागा राहते. मुंबई-नाशिक महामार्ग, कसारा घाट आणि कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणारा रस्ता या वाटांवरच्या अपघातांत चाकाखाली आलेल्या पायाची कातडी मोज्यासारखी सोलून निघते. अशा माणसाला आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात, मग शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात नाहीतर मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात नेतात. तिथून चिठ्ठी मिळते ती ठाण्याची, कळव्याची आणि बहुतेक वेळा अखेरीस सायनची. पूर्व द्रुतगती महामार्गाने मुंबईत शिरलं की पहिलं मोठं महापालिका रुग्णालय लागतं ते हेच, लोकमान्य टिळक रुग्णालय. मुंबईला 1892पासून तानसाचं पाणी जातं आणि पुढे भातसाचंही जाऊ लागलं. ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत. ज्या महापालिकेच्या नळाला इथलं पाणी येतं, तिच्याच रुग्णालयाच्या दारात इथली माणसं उभी राहतात. तिथे मिळणारा उपचार हा उपकार नाही, हक्क आहे, असं मला वाटतं.

जखम भरते म्हणजे काय होतं, ते इथे थोडं सांगायला हवं, कारण पुढची सगळी माणसं याच कोड्यावर काम करत होती. कातडीचा वरचा थर जळला तर खाली उरलेल्या घर्मग्रंथींच्या आणि केसांच्या मुळांतून नव्या पेशी वर येतात आणि दोन-तीन आठवड्यांत जखम झाकली जाते. आतला थर, म्हणजे कोलॅजेनच्या तंतूंनी विणलेली जाड चामडी, मुळापासून गेली की मात्र पेशींना चढायला काही उरत नाही. शरीर मग घाईने जखमेच्या कडा आत ओढतं. त्यातून व्रणाच्या गाठी होतात, कोपर वाकडा राहतो, हनुवटी छातीला जोडली जाते. वेलाला मांडव मिळाला नाही की तो जमिनीवर गुंतागुंत करून पसरतो, तसं हे आहे. पेशींना चढता येईल असा मांडव जखमेत उभा करायचा, ही कल्पना आज ऊती-अभियांत्रिकी या भारदस्त नावाखाली शिकवली जाते. तिचा एक जुना नमुना प्रसूतिगृहात सापडतो.

बाळ ज्या पिशवीत वाढतं तिला आपल्याकडे पाणमोट म्हणतात. बाळंतपणानंतर वारेबरोबर ती पडते आणि गावाकडे दोन्ही एकत्र पुरतात. या पिशवीचा आतला पडदा, ॲम्निऑन, कांद्याच्या पातीच्या आतल्या पापुद्र्याइतका पातळ आणि अर्धपारदर्शक असतो. त्याच्यात रक्तवाहिन्या नसतात. ज्या पायावर कातडीच्या पेशी उभ्या राहतात तसाच पाया त्याच्यातही असतो, आणि दुसऱ्याच्या शरीरावर ठेवला तरी शरीर त्याच्यावर सहसा तुटून पडत नाही. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉन स्टेज डेव्हिस यांनी 1910मध्ये जखमांवर गर्भावरणं वापरल्याची नोंद आहे. ओल्या जखमेवर हा पडदा टाकला की तो आपणहून बसतो, उघड्या मज्जातंतूंची टोकं झाकली जाऊन ठणका कमी होतो, लस झरणं थांबतं. जखम भरत आली की तो सुकून आपणच सुटतो. ओढायची गरज पडत नाही.

अडचण दोन प्रकारची होती. ताजा पडदा टिकत नाही, आणि एका बाईच्या शरीरातून आलेला रोग दुसऱ्याला लागू शकतो. एड्सची भीती जगभर पसरली ती 1980च्या दशकात, त्यामुळे हा दुसरा धोका कोणालाच नजरेआड करता येत नव्हता. उत्तर ट्रॉम्बेत होतं. भाभा अणुसंशोधन केंद्रात 1974मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने ‘आयसोमेड’ हा प्रकल्प सुरू झाला होता. कोबाल्ट-60मधून निघणाऱ्या गॅमा किरणांनी सिरिंज, टाके, पट्ट्या निर्जंतुक करण्याचं काम तिथे चाले. पुडकं सीलबंद राहतं, उष्णता लागत नाही, आणि किरण पाकिटातून आरपार जाऊन जंतू संपवतात. खेड्यांतल्या सुईणींसाठीचे प्रसूतिसंचही तिथे निर्जंतुक झाले आहेत. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने 1980च्या दशकात आशियाई देशांत मानवी ऊती अशाच पद्धतीने जपण्याचा कार्यक्रम हाती घेतला, आणि 1988मध्ये परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात ऊतीपेढी उभी राहिली. वाडिया रुग्णालयही परळचंच. गिरण्यांच्या संपानंतर उजाड होत चाललेल्या त्याच वस्तीत एका ठिकाणी साली उकडल्या गेल्या आणि काही वर्षांनी दुसऱ्या ठिकाणी पाणमोटेचे पडदे वाळू लागले.

ऊतीपेढीचं काम डॉ. ॲस्ट्रिड लोबो गाजीवाला यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं. आईचं रक्त तपासायचं, तिची संमती घ्यायची, पडदा धुवायचा, रक्ताचा अंश काढायचा, गोठवून त्यातलं पाणी उडवायचं, पाकिटात बंद करायचं आणि मग 25 किलोग्रे मात्रेचे गॅमा किरण द्यायचे. असं पाकीट फ्रीजशिवायही दीर्घकाळ टिकतं. मला या साऱ्या हकिगतीत ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. ज्या तालुक्यात वीज जाते आणि औषधं गोठणबिंदूच्या खाली ठेवता येत नाहीत, तिथल्या कपाटात ठेवता येईल असं जैविक आवरण मुंबईत तयार होत होतं. कारखान्यात बनलेली वस्तू आणि देहातून आलेली वस्तू यांच्यामध्ये एक पायरी असते, ती कोणीतरी मन लावून बांधावी लागते. दान, तपासणी, नोंद, साठवण, वाटप. ऊतीपेढीने ती बांधली. पडदा औषधी आहे हे 1910पासून ठाऊक होतं. तो खात्रीने, रोग न लावता, हव्या त्या दिवशी मिळेल याची व्यवस्था मात्र नव्हती.

सोलापूरची दिशा वेगळी होती. डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाचे शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या 104 रुग्णांचे दोन गट केले. 52 जणांच्या जखमेवर मध आणि 52 जणांवर तेव्हाचं प्रचलित सिल्व्हर सल्फाडायझिन. 1991च्या ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त त्यांनी निष्कर्ष मांडले. मधाच्या गटात सात दिवसांत 91 टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, दुसऱ्या गटात 7 टक्के. पुढच्या वर्षांत त्यांनी मध ॲम्निऑनशी आणि वाडियातल्या सालपट्टीशीही ताडून पाहिला, आणि दोन्ही वेळा मध वरचढ ठरला. 1996च्या तुलनेत मधाखाली जखमा सरासरी 10.4 दिवसांत भरल्या, सालीखाली 16.2 दिवसांत. या प्रयोगांवर पुढे जगभरच्या समीक्षकांनी एक रास्त शंका घेतली. बहुतेक पुरावा एकाच केंद्रातून आलेला आहे, म्हणून दुसरीकडेही असंच घडेल का, हे सांगणं अवघड. शंका रास्त आहे आणि ती सुब्रह्मण्यमांच्या कामाचं मोल कमी करत नाही. आपल्याकडच्या ठाकर आणि कातकरी माणसांना आग्या मोहोळाचा मध काढता येतो, म्हणून इथे एक खबरदारी नोंदवतो. रानातून आणलेल्या मधात जिवाणूंची बीजं असू शकतात. जखमेसाठीचा मध गॅमा किरणांनी शुद्ध केलेला हवा.

आता थोडं आडवळण घेऊन धुळे जिल्ह्यात जायला हवं. भाजण्याशी त्याचा संबंध नाही, पण शल्यक्रियेची जखम आतून भरताना तिला आधार कशाचा द्यायचा, हा प्रश्न तिथेही होता. दोंडाईचाचे ग्रामीण शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर हर्नियाच्या शस्त्रक्रिया करत. ओझी उचलणाऱ्या, वाकून लावणी करणाऱ्या माणसांना होणारा हा आजार. पोटाच्या भिंतीतली फट नुसती शिवली तर ती पुन्हा उसवते. तिच्यावर जाळी बसवली की शरीराचे तंतू जाळीच्या छिद्रांतून वाढतात आणि भिंत मजबूत होते. परदेशी जाळीची किंमत शेतमजुराच्या आवाक्याबाहेर होती. डॉ. ब्रह्मा रेड्डी यांनी मच्छरदाणीचं कापड वापरून पाहिलं होतं. पॉलिएथिलिन आणि पॉलिप्रॉपिलिनच्या धाग्याचं ते कापड निर्जंतुक करून टोणगावकर आणि त्यांचे सहकारी हर्नियासाठी वापरू लागले. 2003मध्ये पाच शल्यचिकित्सकांनी मिळून आपला एकत्रित अनुभव ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त छापला. पुढे युगांडात 302 पुरुषांवर काटेकोर चाचणी झाली. तिचा निकाल जानेवारी 2016मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. मच्छरदाणीच्या जातीची स्वस्त जाळी आणि महाग जाळी यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. खानदेशातल्या एका गावात रुजलेल्या कामाला जगातल्या अत्यंत प्रतिष्ठित वैद्यकीय पत्रिकेत पुरावा मिळाला. मराठी वाचकाला टोणगावकरांचं नाव ठाऊक असायला हवं.

परत मुंबईत, सायनला. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या बराकींत 1947मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयाला देहाचं दान साठवण्याची सवय आधीच लागली होती. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989मध्ये तिथे आईच्या दुधाची पेढी काढली, आशियातली पहिली. शल्यचिकित्सा विभागात डॉ. माधुरी गोरे भाजलेल्या रुग्णांवर काम करत होत्या. वाडियातल्या सालपट्टीचा गुण त्यांना मान्य होता, पण साली जमवणं, उकडणं आणि चिकटवणं यात मेहनत फार होती. त्यांनी केळीचं पान घेतलं. मधली शीर काढून टाकलेलं, कापडावर चिकटवलेलं, वाफेने निर्जंतुक केलेलं पान. 2003मध्ये ‘बर्न्स’मध्येच त्यांचे अहवाल छापले गेले. त्यांतला एक वरवर भाजलेल्या जखमांवर होता. दुसरा होता तो कलम लावण्यासाठी मांडीवरची कातडी काढली जाते, त्या जागेच्या जखमेवर. पान गुळगुळीत, मेणचट आणि मोठं असल्याने अजिबात चिकटत नाही, काढताना दुखत नाही आणि सालीपेक्षा कित्येक पटींनी स्वस्त पडतं. ज्या पानावर आपण जेवतो ते वाफवून जखमेवर ठेवायचं धाडस करायला आधी दहा-बारा प्रकारे त्याची परीक्षा घ्यावी लागते, आणि ती त्यांनी घेतली.

पान काय किंवा साल काय, ही आच्छादनं वरवर भाजलेल्या जखमेची. निम्मं अंग खोलवर जळालेल्या माणसाला त्यांचा उपयोग नसतो. त्याच्या स्वतःच्या अंगावर कलमासाठी पुरेशी चांगली कातडी उरलेली नसते, उघड्या जखमांतून दररोज कित्येक लिटर पाणी आणि प्रथिनं वाहून जातात आणि जंतू रक्तात शिरतात. त्याला साधारण तीन आठवड्यांपुरती दुसऱ्या माणसाची कातडी लागते. 24 एप्रिल 2000 रोजी सायनला भारतातली पहिली त्वचापेढी सुरू झाली, शल्यचिकित्सा आणि सूक्ष्मजीवशास्त्र या दोन विभागांनी मिळून.

मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठ या भागांतली अगदी वरची, मिलिमीटरच्या काही दशांश जाडीची कातडी काढतात. रक्त वाहत नाही, चेहरा आणि हात तसेच राहतात, अर्ध्या-पाऊण तासात काम होतं आणि त्या भागांना पट्टी बांधून देह नातेवाइकांच्या हाती येतो. रक्तगट जुळवावा लागत नाही. एचआयव्ही, कावीळ, कातडीचा कर्करोग किंवा अंगभर संसर्ग असेल तर दान घेत नाहीत. मग ही कातडी 85 टक्के ग्लिसरॉलमध्ये ठेवली जाते. ही युक्ती नेदरलँड्सची. 1976मध्ये सुरू झालेल्या तिथल्या त्वचापेढीतून ती जगभर पसरली. ग्लिसरॉल कातडीतलं पाणी शोषून घेतं, जंतू मरतात, आणि साध्या फ्रीजच्या तापमानाला ती पाच वर्षांपर्यंत टिकते. पेशीही मरतात, हे महत्त्वाचं. उरतं ते कोलॅजेनचं विणकाम. तेच जखमेला झाकून ठेवतं, तळाशी नव्या रक्तवाहिन्यांना वाढू देतं, आणि रुग्णाची स्वतःची कातडी पुन्हा काढता येईपर्यंत वेळ मिळवून देतं. मृत माणसाच्या कातडीतला मृत सांगाडा जिवंत माणसाला तारतो, असं सायनला घडू लागलं.

लोक देतील का, ही शंका तेव्हा सगळ्यांनाच होती. डोळे देणं घराघरांत पोचलं होतं, कातडी सोलण्याची कल्पना मात्र नुसती ऐकूनही अंगावर काटा येतो. पहिल्या दहा वर्षांत तिथे अडीचशेहून थोडी अधिक दानं झाली, त्यांतली बरीचशी 2008नंतरची. मुंबईसारख्या शहराच्या मानाने आकडा लहान आहे. पण ज्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, जिथे अजून रडण्याचा आवाज थांबलेला नाही, तिथे फोन करून एका पथकाला बोलावणं आणि बंद खोलीत सोडणं, हे अडीचशे घरांनी केलं. त्यांच्या धैर्याची कुठे पाटी नाही. पुढे ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये, नाशिकला, पुण्याला, नागपूरला त्वचापेढ्या झाल्या. 1994च्या अवयवदान कायद्यात 2011मध्ये दुरुस्ती होऊन अवयवांबरोबर ऊतीही आल्या, आणि या पेढ्यांना कायद्याची चौकट मिळाली.

पेशी काढून टाकलेला सांगाडाही जखम भरू शकतो, हे मात्र प्रयोगशाळेत त्याआधीच ध्यानात आलं होतं. अमेरिकेत बॉस्टनच्या परिसरात शल्यचिकित्सक जॉन बर्क आणि एमआयटीचे आयोनिस यानस यांनी गाईच्या कोलॅजेनमध्ये शार्कच्या कूर्चेतला एक घटक मिसळून सच्छिद्र पडदा तयार केला, वर सिलिकॉनचा थर दिला आणि 1981मध्ये दहा रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. छिद्रांतून रुग्णाच्या पेशी आत शिरत, स्वतःचं कोलॅजेन विणत, आणि मूळ पडदा हळूहळू विरघळून जाई. जखमेच्या जागी व्रणाऐवजी आतल्या चामडीसारखा थर तयार होई. हे मोठं यश होतं, पण ते साधारण भारतीय रुग्णाला परवडण्यासारखं नव्हतं आणि आजही नाही. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. टी. व्ही. अनिलकुमार यांच्या चमूने दुसरी वाट धरली. डुकराच्या पित्ताशयातल्या पेशी धुऊन काढल्या आणि उरलेला जाळीदार सांगाडा जखमेसाठी वापरला. ‘कोलेडर्म’ नावाच्या या आच्छादनाला 2023मध्ये देशाच्या औषध नियंत्रकाची मान्यता मिळाली. परदेशी मालाच्या तुलनेत ते पुष्कळ स्वस्त पडेल, असं तेव्हा जाहीर झालं.

ही सारी प्रगती शहापूर-मुरबाडला किती उपयोगी पडते, याचं उत्तर मी वेळेत शोधतो, पैशांत नाही. भाजल्यावर पहिली वीस मिनिटं निर्णायक असतात. भाजलेल्या जागेवर साधं वाहतं पाणी सोडत राहिलं तर जखम खोल जाण्यापासून वाचते. त्याऐवजी शाई, टूथपेस्ट, शेण, पीठ लावतात. मग आवरण कितीही चांगलं असो, डॉक्टरांना आधी तो लेप खरवडावा लागतो. पुढचे सहा-आठ तास सलाइनचे. जळालेलं अंग पाणी गमावत असतं आणि ते शिरेतून परत द्यावं लागतं. हे काम प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकतं आणि तिथेच व्हायला हवं. नुसती गाडी करून माणसाला सायनकडे पाठवण्यात हेच तास वाया जातात.

त्यानंतर येतं आवरण. किरणांनी निर्जंतुक केलेला ॲम्निऑनचा पडदा फ्रीज मागत नाही. ग्लिसरॉलमधली कातडी फ्रीज मागते, पण लसींसाठी शीतपेटी प्रत्येक तालुक्यात आहेच. केळीचं पान तर इथल्या परसात वाढतं, त्याला फक्त ऑटोक्लेव्ह आणि ते नीट बनवणारे दोन हात लागतात. मुंबईत, सोलापुरात, दोंडाईचात ज्या वस्तू सिद्ध झाल्या, त्यांतल्या कितीतरी तालुक्याच्या रुग्णालयात सहज ठेवता येतील अशाच आहेत. त्या मुळात शोधल्या गेल्या याच कारणाने. वरवर भाजलेल्या मुलाला शहापुरातच आवरण मिळालं तर आईची मजुरी बुडत नाही, आणि सायनच्या वॉर्डातली खाट खोलवर जळालेल्या माणसासाठी मोकळी राहते.

आणि दानही इथून होऊ शकतं. मुरबाड किंवा शहापूरहून ऐरोली साठ किलोमीटरच्या आसपास आहे. सहा तासांच्या मुदतीत पथक गावात येऊन काम उरकून परत जाऊ शकतं. मृत्यूनंतर लगेच फोन करायचा, देह गार जागेत ठेवायचा आणि मृत्यूचा दाखला तयार ठेवायचा, एवढंच घरच्यांकडे राहतं. अठरा वर्षांवरचं कोणीही, कितीही वय झालेलं माणूस दाता होऊ शकतं, सुरकुतलेली कातडीही चालते. त्यासाठी आधी कुठला अर्ज भरून ठेवलाच पाहिजे असं नाही, त्या वेळी घरच्यांनी होकार दिला की पुरे.